देहभान राखून धावणे

यंदाच्या स्मरणिकेसाठी आपल्या शाखेतील एखाद्या नव्या उपचारपद्धतीवर लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. नव्या लसींवर किंवा नवजात शिशूंच्या श्वसनविकारांवर लिहिणे मला सोपे गेले असते. परंतु गेली काही वर्षे एक वेगळाच विषय मनात घोळत आहे आणि त्याचे मूळ माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीत आहे. म्हणून उपचारावर न लिहिता धावण्यावर लिहीत आहे. बालरोगतज्ज्ञाचा धावण्याशी काय संबंध, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. तो संबंध मलाही फार उशिरा उमगला.

गोष्ट २००१ सालची. डिचोलीत दवाखाना सुरू करून मला तीनच वर्षे झाली होती आणि आठवड्यातून दोन दिवस मी पेडण्यालाही जात असे. तेथे एका गावातून आठवीत शिकणारी मुलगी आईबरोबर आली. दोन्ही नडग्या दुखतात, ही तक्रार. मुलगी काटक होती, अनवाणी धावायची आणि तालुक्याच्या शालेय स्पर्धेत तिचा नंबर आला होता. पुढच्या स्पर्धेसाठी शाळेत रोज सराव सुरू झाला आणि तिसऱ्या आठवड्यात दुखणे उद्भवले. मी क्ष-किरण चित्र काढून घेतले. त्यात काही दिसले नाही. मी वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितले, ‘धावणे बंद कर.’ मुलीचा चेहरा उतरला. आई मात्र समाधानाने म्हणाली, ‘बरें जालें दोतोर, आतां तरी तें घरांत रावतलें.’ मुलगी आता घरात राहील, याचा तिला आनंद झाला होता आणि त्या आनंदावर माझ्या सल्ल्याने शिक्कामोर्तब झाले होते. पुढच्या केसपेपरकडे वळताना मी हे सारे विसरून गेले.

सुमारे दोन वर्षांपूर्वी तीच मुलगी, आता पस्तिशी ओलांडलेली गृहिणी, आपल्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली. मी तिला ओळखले नाही. तिने ओळख दिली. मुलाची टाच दुखत होती. शाळेत धावण्याचा सराव चालू होता. तपासणी होण्यापूर्वीच तिने शांतपणे विचारले, ‘डॉक्टर, याचेही धावणे बंद करायचे का?’ त्या प्रश्नात राग नव्हता. पण तेवीस वर्षांपूर्वी मी तिला विश्रांती दिली आणि परतीची वाट दिली नाही, हे त्या एका वाक्यात मला कळले. ती पुन्हा कधीच धावली नव्हती.

व्यवसायबंधू-भगिनींनो, आपल्यापैकी किती जणांच्या लेखणीतून असे ‘बंद करा’ उतरले असेल! गुडघा दुखतो, धावणे बंद. टाच दुखते, खेळ बंद. कंबर दुखते, व्यायाम बंद. हा सल्ला देणे सोपे असते, त्यात आपल्यावर ठपका येत नाही आणि दुखणे बहुधा थांबतेही. पण ज्या कारणाने ते दुखणे आले ते कारण तसेच राहते. या लेखात मला मांडायचे आहे ते एवढेच की, धावण्यामुळे होणाऱ्या बहुतेक दुखापती या धावण्याच्या नसून तयारी नसलेल्या शरीराला एकदम धावायला लावण्याच्या असतात. ती तयारी तीन गोष्टींची असते : बळ, लवचीकता आणि देहभान.

प्रथम दुखण्याकडे पाहू. सन १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी वैद्याने लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या पायाला येणारी सूज व वेदना यांची नोंद केली. त्या काळी क्ष-किरण नव्हते. ते १८९५ साली आले, आणि नंतर लक्षात आले की त्या सैनिकांच्या पायाची बारीक हाडे तडकत होती. कोणी मारले नव्हते, कोणी पडले नव्हते. केवळ पावलामागून पाऊल टाकल्याने हाड तडकले होते. आज आपण त्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतो. पुढे १९०३ साली ऑस्गुड आणि श्लाटर या दोघांनी वाढत्या वयातील मुलांच्या गुडघ्याखालील दुखणे आणि १९१२ साली सेव्हर यांनी टाचेचे दुखणे वर्णन केले. या दोन्ही ठिकाणी हाडाची वाढ अजून चालू असते. तेथील कूर्चा मऊ असते आणि तिलाच बळकट स्नायूची कंडरा जोडलेली असते. मूल झपाट्याने उंच होत असताना पोटरीचा व मांडीचा ताण त्या कोवळ्या जागेवर पडतो. त्यात रोजच्या धावण्याची भर पडली की जागा ठणकू लागते. माझ्यासमोर बसलेल्या त्या दहा वर्षांच्या मुलाला नेमके हेच झाले होते.

धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन ते तीन पट भार एका पायावर येतो. तीस किलो वजनाच्या मुलाने तीन किलोमीटर अंतर धावून काढले तर तीन हजारांहून अधिक वेळा साठ ते नव्वद किलोंचा भार त्याचे पाय झेलतात. हा भार वाईट नाही. हाड भारानुसार आपली रचना बदलते, हे वोल्फ यांनी १८९२ सालीच मांडले होते. भाराविना हाड ठिसूळ होते, हे आपण वृद्धांमध्ये रोज पाहतो. मात्र ही डागडुजी होताना हाडातील जुना भाग आधी काढला जातो आणि नवा भाग मागाहून भरला जातो. म्हणून एकदम सराव वाढवल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाड तात्पुरते कमकुवत असू शकते. उत्साह मात्र नेमका तेव्हाच शिगेला पोहोचलेला असतो. दम लवकर वाढतो, स्नायू त्यामागून येतात, कंडरा आणि हाडे सर्वांत शेवटी. पेडण्याच्या त्या मुलीच्या नडग्या तिसऱ्या आठवड्यात दुखू लागल्या, हा योगायोग नव्हता. शिवाय अशा दुखण्यात सुरुवातीचे क्ष-किरण चित्र निर्दोष असू शकते, हेही मला आठवायला हवे होते.

माझ्या या विद्वत्तेला अनुभवाची जोड मिळाली ती वयाच्या ५१ व्या वर्षी. मैत्रिणींच्या आग्रहावरून मीही पहाटे मये तलावाच्या बाजूने चालू-धावू लागले. गोव्यात हल्ली धावण्याचे वारे जोरात आहे. वास्कोची रिव्हर मॅरेथॉन आहे, २०१९ पासून पणजीत आयर्नमॅन स्पर्धा आली, २०२३ साली ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात भरल्या; आपल्या संघटनेतीलही कित्येक जण रविवारी बूट बांधून बाहेर पडतात. मीही चांगले बूट घेतले, मनगटावर घड्याळ बांधले आणि तीन महिन्यांत पोटरी धरून घरी बसले. फिजिओथेरपिस्टकडे गेले तेव्हा त्या तरुण मुलीने मला एका पायावर उभे राहून टाच वीस वेळा उचलायला सांगितले. मी सहा वेळा उचलली. मग डोळे मिटून एका पायावर उभे राहायला सांगितले. चौथ्या सेकंदाला मी भिंत धरली. ‘मॅडम, ज्या पायावर तुम्हांला उभे राहता येत नाही, त्या पायावर तुम्ही पाच किलोमीटर उड्या मारता आहात,’ असे ती हसत म्हणाली. धावणे म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर मारलेल्या उड्यांची मालिका, ही व्याख्या मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात मिळाली नव्हती.

या तीन गोष्टींपैकी बळाचे महत्त्व आता पुरेसे सिद्ध झाले आहे. २०१४ साली ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संकलनात २५ चाचण्या आणि २६ हजारांहून अधिक व्यक्तींचा एकत्रित विचार केला होता. स्नायूंचे बळ वाढवणाऱ्या व्यायामामुळे खेळातील दुखापती एक-तृतीयांशाहूनही कमी झाल्या. तोल व अवयवांचे भान सुधारणाऱ्या व्यायामानेही त्या लक्षणीय प्रमाणात घटल्या. केवळ ताण देण्याच्या व्यायामाचा मात्र दुखापत टाळण्यासाठी उपयोग दिसला नाही. हे सारे लोक धावपटू नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरी दिशा स्पष्ट आहे. मुलांविषयीही असाच पुरावा आहे. युरोपातील चार देशांत फुटबॉल खेळणाऱ्या लहान मुलांना सरावाच्या आरंभी पंधरा-वीस मिनिटे तोल साधणे, उडी मारून नीट उतरणे, पडताना सावरणे असे व्यायाम दिले गेले. २०१८ साली त्याचे निष्कर्ष आले. दुखापती जवळजवळ निम्म्याने घटल्या होत्या.

येथे पालकांच्या मनातील एका भीतीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. ‘लहान वयात बळाचे व्यायाम केले तर उंची खुंटते’ हा समज आपल्याकडे घरोघरी आहे आणि दुर्दैवाने काही डॉक्टरांच्याही मनात आहे. योग्य देखरेखीखाली, स्वतःच्या शरीराच्या वजनाने किंवा हलक्या वजनाने केलेल्या व्यायामामुळे उंची खुंटते याला आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी साठ मिनिटे हालचाल आणि त्यात आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायाम सांगितले आहेत. आपण लसीकरणाचे वेळापत्रक पालकांना तोंडपाठ करून देतो. हे वेळापत्रक मात्र आपण किती जणांना सांगतो?

लवचीकतेविषयी थोडे सावधपणे बोलले पाहिजे. धावण्यापूर्वी पाय ताणून धरून उभे राहिले की दुखापत टळते, ही समजूत वरील पुराव्याने खरी ठरत नाही. धावण्यापूर्वी शरीर तापवणे महत्त्वाचे. त्यासाठी पाच-सात मिनिटे झपाझप चालणे, पाय झुलवणे, गुडघे उचलून जागच्या जागी धावणे पुरते. सांध्यांची मोकळी हालचाल ही मात्र वेगळी आणि आवश्यक गोष्ट आहे. घोटा पुरेसा वाकत नसेल तर त्याची भरपाई पाऊल आतल्या बाजूला पडून किंवा गुडघा आत वळून होते. टाच जमिनीला टेकवून उकिडवे बसता येते का, ही मी माझ्या दवाखान्यात मुलांची करीत असलेली सोपी चाचणी आहे. आपल्या आजी-आजोबांना हे ऐकून हसू आले असते. ते भात निवडत, चुलीपुढे, शेताच्या बांधावर तासन् तास तसेच बसत. आज खुर्ची, बाक, कमोड आणि सोफा यांमध्ये वाढणारे डिचोलीतील दहा वर्षांचे मूल उकिडवे बसताना मागे कोलमडते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

तिसरी गोष्ट देहभानाची. आपल्या भाषेत देहभान हरपणे ही तन्मयतेची परमावधी मानली जाते. भजनात ते शोभते. धावताना मात्र ते राखले पाहिजे. शेरिंग्टन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९०६ साली एका आंतरिक संवेदनेला नाव दिले : डोळ्यांनी न पाहता आपले हातपाय कोठे आहेत, सांधा किती वाकला आहे, स्नायू किती ताणला आहे हे मेंदूला कळणे. खडबडीत जांभ्या दगडावर पाऊल वाकडे पडले तर डोळ्यांना दिसण्यापूर्वी ते सावरते ते या संवेदनेमुळे. ती सरावाने तल्लख होते आणि सराव सुटला की मंदावते. घोट्याला एकदा मुरगळ आली की तेथे पुन्हा पुन्हा मुरगळते याचे एक कारण हेच की सूज उतरली तरी ही संवेदना परत शिकवली गेलेली नसते.

देहभानाचा दुसरा अर्थ म्हणजे दुखण्याची भाषा समजणे. व्यायामानंतर दोन्ही मांड्या सारख्या दुखणे आणि दोन दिवसांत ते सरणे स्वाभाविक आहे. एकाच ठिकाणी, बोटाने दाखवता येईल असे हाडावर दुखणे स्वाभाविक नाही. धावताना सुरुवातीला किंचित जाणवून मग नाहीसे होणारे दुखणे सावध करते. धावता धावता वाढत जाणारे आणि लंगडायला लावणारे दुखणे थांबायला सांगते. हा फरक मुलांना शिकवता येतो. पण त्यासाठी दुखते असे म्हणणाऱ्या मुलाला भित्रा ठरवणे आपण थांबवले पाहिजे. ‘सहन कर, नंबर येईल’ असे सांगणारे मोठे लोक आणि ‘धावणेच बंद कर’ असे सांगणारी मी, या दोघांनीही त्या मुलीचे शरीर काय सांगत आहे ते ऐकले नाही. आमच्या चुका उलट्या दिशांच्या होत्या, इतकेच.

हे सारे परदेशातून आणावे लागत नाही. आपल्या पेडणे-डिचोलीत ते होते आणि काही अंशी अजून आहे. लंगडी हा खेळ पाहा. एका पायावर उड्या मारीत, दिशा बदलीत, वाकून दुसऱ्याला पकडायचे. पोटरीचे बळ, घोट्याची लवचीकता आणि तोल या तिन्हींचा एवढा नेमका व्यायाम कोणत्याही व्यायामशाळेत मिळणार नाही. बस-फुगडीत मुली उकिडव्या बसून पाय पुढे टाकीत नाचतात. मांडीच्या स्नायूंची त्यात खरी कसोटी असते. शिगम्यात डिचोली, पेडणे आणि सत्तरी तालुक्यांत घोडेमोडणी होते. कमरेला लाकडी घोडा बांधून, ढोल-ताशांच्या तालावर, गर्दीत पुढे-मागे पावले टाकणाऱ्या त्या माणसाचे पाय एकदा डॉक्टरी नजरेने पाहा. गुडघा नेहमी किंचित वाकलेला, पाऊल हलके, वजन कधीही एका बाजूला कलत नाही. त्याला कोणी देहभानाचा पाठ दिलेला नसतो. थोरांचे पाहून तो शिकलेला असतो.

जुने तेवढे सोने असे मला म्हणायचे नाही. त्या जुन्या काळात मुलींचे लंगडी-फुगडीचे दिवस लवकर संपत आणि पाणी भरण्याचे दिवस सुरू होत. मुरगळलेल्या पायावर पाला बांधून माणसे आयुष्यभर लंगडत. तरीही मुलांची शरीरे विविध हालचालींतून घडत होती, हे खरे. झाडावर चढणे, कुंपणावरून उडी मारणे, काजूच्या डोंगरावर हिंडणे यांतून न मागता जी तयारी होत होती ती आता होत नाही. आणि ती झालेलीच आहे असे गृहीत धरून आपण मुलांना धावायला उभे करतो.

याच संदर्भात एक जुनी बातमी आठवते. २००६ सालच्या मे महिन्यात ओडिशातील बुधिया सिंग या चार वर्षांच्या बालकाला पुरी ते भुवनेश्वर असे ६५ किलोमीटर धावण्यास लावले गेले. देशभर कौतुक झाले आणि देशभर वादही झाला. बालरोगतज्ज्ञ म्हणून तेव्हा मला संताप आला होता. आज वाटते, आपण सारे कमी प्रमाणात तेच करीत असतो. वर्षभर बाकावर बसवलेल्या मुलाला स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी मैदानावर उभे करून ‘धाव’ म्हणणे, यात अंतराचा फरक आहे, विचाराचा नाही.

उलट दिशेची उदाहरणेही आपल्या मराठी मुलखातलीच आहेत. साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. १९८४ मध्ये पी. टी. उषा यांच्यानंतर ऑलिंपिकच्या धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचलेली ती पहिली भारतीय स्त्री. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा अविनाश साबळे याने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत याच शर्यतीत रौप्यपदक जिंकले आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. केवळ दम असून भागत नाही. थकलेल्या पायांनी अडथळा ओलांडून नेमके उतरता आले पाहिजे. त्याच साबळेला जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या उडीशी पडून गुडघ्याला गंभीर इजा झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. यातून एक प्रामाणिक धडा घ्यावा लागतो. दुखापत कधीच होणार नाही असे वचन कोणालाही देता येत नाही. ती कमी वेळा व्हावी, लहान असावी आणि झाल्यावर परतीची वाट असावी, इतके मात्र आपल्या हाती आहे.

तर करावे काय? शाळांसाठी माझी सूचना साधी आहे. आठवड्यातून तीन दिवस, शारीरिक शिक्षणाच्या तासाची पहिली वीस मिनिटे तयारीला द्यावीत. पाच मिनिटे शरीर तापवणे. मग प्रत्येक पायावर लंगडी, एका पायावर उभे राहून चेंडू झेलणे, दहा-बारा बैठका, पायरीवर उभे राहून टाचा उचलणे व सावकाश खाली आणणे, पोट व पाठ ताठ ठेवून कोपरांवर शरीर तोलणे, आणि लहान उडी मारून आवाज न करता उतरणे. ‘आवाज न करता’ ही सूचना फार महत्त्वाची. मांजरासारखे उतरा, असे सांगितले की मुलांना ती लगेच कळते. याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही, पावसाळ्यात ओसरीवरही करता येते. स्पर्धेची तयारी पंधरा दिवसांची नव्हे, निदान तीन महिन्यांची असावी, धावणे एक दिवसाआड असावे आणि आठवड्याचा एक दिवस पूर्ण सुट्टीचा असावा.

मोठ्यांसाठीही हेच, फक्त अधिक संयमाने. चाळिशीनंतर धावण्यास आरंभ करणाऱ्याने रक्तदाब, साखर आणि छातीची तपासणी आधी करून घ्यावी. हे आपल्या डॉक्टर मित्रांना सांगायला नको, पण तेच ते टाळतात. आधी काही आठवडे चालणे, मग एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असा क्रम ठेवावा. आपल्या भागातील जमिनीचाही विचार हवा. मोरजी ते हरमल हा किनारा पहाटे मोहक असतो, पण भुसभुशीत वाळूत टाच खोल जाते आणि टाचेमागच्या कंडरेवर ताण येतो. पाण्याकडे उतरत्या वाळूवर एकाच दिशेने धावले तर एक पाय सतत खाली पडतो. ओहोटीच्या वेळी सपाट, घट्ट वाळूवर, थोडे अंतर जावे आणि त्याच वाटेने परतावे. पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्यावर धावण्यात पराक्रम नाही. आणि गोव्याच्या दमट हवेत उन्हे चढल्यावर धावणे हे शरीराला दिलेले आव्हान नसून त्याच्याकडे केलेले दुर्लक्ष आहे.

शेवटी आपल्या व्यवसायाविषयी. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, ताप, सांध्याची सूज, न थांबणारे लंगडणे, हाडावरील एकाच बिंदूची वेदना, आणि धावणाऱ्या मुलीची पाळी चुकणे किंवा लांबणे, ही लक्षणे आपण कधीही हलक्यात घेऊ नयेत. पाळी चुकणे म्हणजे खर्चाच्या मानाने अन्न कमी पडत असल्याची खूण असू शकते, आणि अशा मुलींची हाडे लवकर तडकतात. ही लक्षणे नसतील तर मात्र केसपेपरवर ‘धावणे बंद’ असे लिहून थांबू नये. त्याखाली दोन ओळी अधिक लिहाव्यात : किती दिवस काय कमी करायचे, तोवर कोणता व्यायाम चालू ठेवायचा आणि कोणत्या खुणा दिसल्यावर पुन्हा कसा आरंभ करायचा. या दोन ओळी लिहिण्यास एक मिनिट लागते. २००१ साली मी ते मिनिट दिले नाही.

त्या मुलाचे काय झाले, हे सांगायचे राहिले. आम्ही त्याचे धावणे सहा आठवडे निम्म्यावर आणले, बुटात टाचेखाली मऊ गादी घातली, सायकल चालू ठेवली आणि आईला घरी टाचा उचलण्याचा व लंगडीचा व्यायाम घेण्यास सांगितले. शाळेतील पी.टी.च्या सरांना मी एक चिठ्ठी लिहिली. त्यांनी ती मनावर घेतली, एवढेच नव्हे तर साऱ्या वर्गाला तोच व्यायाम सुरू केला. मुलगा त्या वर्षी तालुक्याच्या स्पर्धेत धावला. नंबर आला नाही, पण टाच दुखली नाही. पुढच्या भेटीत त्याच्या आईने थोडे संकोचून सांगितले की, मुलाबरोबर लंगडी घालता घालता तिचाही पाय आता चांगला तोलतो. या वयात थोडे धावले तर चालेल का?

मी तिला तपासले, नडग्या दाबून पाहिल्या आणि तिच्या कागदावर त्या दोन ओळी लिहून दिल्या. आपणही त्या लिहाव्यात, एवढीच या स्मरणिकेच्या निमित्ताने सर्व व्यवसायबंधू-भगिनींना विनंती.